चौथी नळी

१

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास, ठाण्याच्या त्या छोट्या संशोधन केंद्रात, मृणाल आरएनए तपासणाऱ्या जेलचा फोटो हातात घेऊन आली आणि खुर्चीत बसली. फोटोत शेजारी शेजारी चार ठळक पट्ट्या दिसायला हव्या होत्या. दिसत होती एकच. उरलेल्या तिन्ही जागी वरपासून खालपर्यंत नुसता धुरकट फराटा उमटला होता.

"तीन नळ्या गेल्या," ती म्हणाली. "आरएनएचा पार भुगा झालाय."

स्टोअर सांभाळणाऱ्या, तिथल्या दारात उभ्या असलेल्या कलावतीबाई पाष्ट्यांना जेलमधलं काही कळत नव्हतं, पण चेहरे कळत होते. मृणाल, सम्यक आणि महेंद्र, तिघांचेही चेहरे उतरले होते. त्या चार नळ्यांत या पोरांचे आठ महिने होते. क्षयाच्या जंतूतला एक आरएनए त्यांनी मोठ्या कष्टाने बनवला होता आणि येत्या मंगळवारी तो, त्याची हालचाल टिपायला, मुंबईतल्या एका मोठ्या चुंबकयंत्रात ठेवायचा होता. सहा महिने ताटकळल्यावर त्या यंत्रावर तीन दिवसांची पाळी मिळाली होती.

केंद्राचे प्रमुख डॉ. प्रफुल्ल नाडकर्णी आले. त्यांनी फोटो पाहिला, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिला.

"या तीन नळ्या कुणी तयार केल्या?"

"मी, सर," सम्यक म्हणाला.

"आणि ही चांगली निघालेली चौथी?"

"मी," मृणाल पुटपुटली.

डॉक्टरांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "सम्यक, माणसाच्या हातावर एक एन्झाइम असतं. कितीही हात धुतले तरी ते राहतं, आणि आरएनएला लागलं की त्याचे तुकडे करतं. हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असतं. मोजे घातले नव्हतेस?"

"घातलेले, सर. दोन-दोन."

"मग तुझ्याच तिन्ही नळ्या कशा गेल्या?"

 सम्यकच्या पाठ्यवृत्तीचं शेवटचं वर्ष मंजूर करणाऱ्या पत्रावर डॉक्टरांची सही शुक्रवारपर्यंत व्हायची होती. सही झाली तर पीएच.डी. पुरी होणार, नाही झाली तर चार वर्षं पाण्यात. हे त्या मजल्यावर सगळ्यांना माहीत होतं.

सगळे पांगल्यावर डॉक्टर स्टोअरमध्ये आले. "पाष्टेबाई, तुम्ही पूर्वी डोंबिवलीच्या रंगाच्या कारखान्यात असताना म्हणे एक निळ्याचं कोडं सोडवलं होतंत."

होय, सोडवलं होतं. निळ्याचे लॉट हिरवट निघत होते आणि केमिस्ट मंडळी एकमेकांच्या उरावर बसली होती. बाईंनी दोन दिवस नुसतं स्टुलावर बसून पाहिलं, तर एक कामगार पिवळ्याच्या पिंपातला डाव तसाच निळ्याच्या पिंपात घालत होता.

"मी या तिघांतल्या कुणालाच विचारू शकत नाही, प्रत्येकाचा त्यात हात आहे," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही बघा. शुक्रवारी दुपारी मला सही करायची आहे किंवा नाही करायची."

२

पहिला नंबर महेंद्रचा, कारण त्याच्याकडे हेतू होता. तो दिवसभर संगणकासमोर बसे. आरएनए कसा हलत असेल त्याचं गणित मांडून तो चित्र बनवत असे. बाईंनी विचारलं तसं त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला. एक वेटोळं पडद्यावर सारखं वळत, ताणलं जात, आखडत होतं.

"बघा ताई, पुस्तकात याचा फोटो असतो ना, त्यात हे मिटलेलंच दिसतं. लोक त्या फोटोवरून औषध बनवायला जातात आणि फसतात. कारण हे जिवंत असताना एका जागी बसतच नाही. आत्ता बघा, आत्ता... ही खाच उघडली. दिसली? गेली पण. तेवढ्यात औषधाचा रेणू आत जाऊन बसला पाहिजे."

"मग भांडण कशाचं तुझं आणि सम्यकचं?"

महेंद्र हसला. "म्हणजे तुमच्यापर्यंत आलंय तर. माझं गणित म्हणतं खाच डावीकडे उघडते, तो म्हणतो उजवीकडे. खरं काय ते चुंबकच सांगणार."

"आणि उजवीकडे निघाली असती तर?"

"माझा पेपर बोंबलला असता," तो सरळ म्हणाला. "पण मी नळ्यांना हात नाही लावलेला. मला तर त्या खोलीत जायलाच भीती वाटते, काहीतरी सांडेल म्हणून. आणि ऐका, सोमवारी रात्री लाइट गेलेली. फ्रीझर दोन तास बंद होता. ते तपासा की."

बाईंनी तपासलं. चारही नळ्या एकाच फ्रीझरमध्ये, एकाच कप्प्यात, एकाच डब्यात होत्या. फ्रीझरने तिघींना मारून चौथीला सोडलं, हे काही पटेना.

मृणाल चिडलेलीच होती. "माझी नळी चांगली निघाली हाच माझा गुन्हा का, ताई? आता सगळे म्हणणार, पेपरवर एकटीचं नाव लागावं म्हणून हिनेच केलं."

"मी अजून काहीच म्हटलं नाही. नुसतं सांग, चारही नळ्या एका दिवशी का नाही केल्या?"

"करणारच होते! नवमीच्या सकाळी बसले. कोरडी पूड पाण्यात विरघळवायची, गरम करायची, निवू द्यायची, की फ्रीझर. पहिली झाली आणि तेवढ्यात यंत्रांच्या पूजेसाठी हाका सुरू झाल्या. तुम्हीच तर बोलवायला आलात. मग दसरा, मग मला ताप. सोमवारी सम्यक आला आणि उरलेल्या तीन त्याने केल्या."

"पूड चारहीत तीच?"

"एकाच बाटलीतली. पिपेट तीच, मोज्यांचं खोकं तेच." मृणालचा आवाज एकदम खाली आला. "ताई, खरं सांगू? मला सम्यकने मुद्दाम केलं असं अजिबात वाटत नाही. पण माणसाशिवाय दुसरं काही बदललंच नाही हो."

३

गुरुवारी ठाकुर्लीत पाण्याचा दिवस होता. साडेपाचला नळ आला आणि सहाला गेला. तेवढ्यात बाईंनी दोन हंडे, तीन कळशा आणि एक पिंप भरून घेतलं. लग्न होऊन इथे आल्यापासून एकतीस वर्षं हेच चाललं होतं. मधली तीन वर्षं तर टँकरवर काढली होती. भांडं भरून त्या वरून चार घोट पाणी प्यायल्या, उरलेलं त्यांनी हंड्यात ओतलं, झाकण ठेवलं आणि नवऱ्याला हाक मारली.

"अहो, मी कल्याणला जाऊन मग ऑफिसला जाते. डबा ओट्यावर आहे."

"पोलिसात कधी भरती झालीस?" गुणाजी पांघरुणातूनच म्हणाला.

सम्यक कल्याण पूर्वेला एका चाळीत राहत असे. तो घरी नव्हता. पहाटेच लॅबला गेला होता. दारात त्याचे वडील बाबुराव ओव्हाळ पेपर वाचत बसले होते, रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले. बाईंनी आपण कुठून आलो ते सांगितलं, तशी त्यांनी पेपरची नीट घडी घातली.

"या, बसा. चौकशीला आलात?"

"सम्यकसाठीच आले, दादा. तो नवमीला कुठे होता?"

"आम्ही बापलेक नागपूरला. दसऱ्याला दरवर्षी दीक्षाभूमीवर जातो. आदल्या दिवशी निघालो, रविवारी परत आलो." मग ते जरा थांबले. "बाई, एक विचारू? काल आल्यापासून तो हात धुतोय. साबण लावतो, धुतो, पुन्हा लावतो. मी विचारलं तर म्हणतो, बाबा, माझ्याच हातात काहीतरी आहे. सगळं त्याने बाटतं."

बाबुरावांनी पेपर बाजूला ठेवला.

"माझ्या आजोबांनी ऐकलं, हात लावलास, पाणी बाटलं. वडिलांनी ऐकलं. मी वर्कशॉपमध्ये लागलो तेव्हा पहिली दोन वर्षं माठाजवळ गेलो की कुणीतरी खाकरायचं. पोरगा एवढा शिकला, म्हटलं आता हे संपलं. तुमच्या डॉक्टरांच्या मनात तसलं काही नसेल, मला ठाऊक आहे. शास्त्राचं बोलले ते. पण माझ्या घरात ते वाक्य परत आलं की नाही?"

बाबुराव चिडून बोलत नव्हते.  परत निघताना बाईंनी मनाशी ठरवलं, पत्रावर सही करून घेतल्याशिवाय मी स्टोअरला कुलूप लावणार नाही.

४

स्टोअरमध्ये बाईंनी चार रिकाम्या नळ्या टेबलावर मांडल्या. तीन एका बाजूला, एक एका बाजूला. पूड तीच, फ्रीझर तोच, पिपेट तीच. वेगळं काय? वेगळे हात आणि वेगळा दिवस. सगळे हातांवरच अडून बसले होते, दिवसाकडे कुणी बघितलंच नव्हतं.

नवमीची सकाळ ते सोमवार. या मधल्या चार दिवसांत अशी कुठली वस्तू बदलली, जी मृणालनेही वापरली आणि सम्यकनेही?

"पूड विरघळवायला पाणी कुठलं घेता गं?" त्यांनी मृणालला विचारलं.

"ते निळ्या बुचाचं. त्यात काही म्हणजे काही नसतं, सीलबंद येतं. मीच नवमीला फोडली ती बाटली. सम्यकनेही त्यातूनच घेतलं."

"ते पाणी तपासता येईल?"

मृणालने बाईंकडे असं पाहिलं, जणू म्हणत होती, हा प्रश्न आपल्याला का सुचला नाही. तिने जुन्या आरएनएचे दोन थेंब घेतले. एकात त्या बाटलीतलं पाणी घातलं, दुसऱ्यात नव्या बाटलीतलं, आणि दोन्ही गरम जागी ठेवून दिले. दुपारी तीनला फोटो आला. नव्या पाण्यात पट्टी ठळक होती. जुन्या बाटलीच्या पाण्यात धुरकट फराटा.

"पाणीच नासलंय!" महेंद्र ओरडला. "झालं तर मग, कंपनीने खराब बाटली पाठवली. लिहून टाका आणि संपवा ना, ताई. सम्यकही सुटला, आपणही सुटलो."

"त्याच बाटलीतल्या पाण्याने मृणालची नळी चांगली राहिली, ती कशी?" बाई म्हणाल्या. "नवमीच्या सकाळी पाणी चांगलं होतं आणि सोमवारी नासलेलं. कंपनीवर ढकललं तरी मधल्या दिवसांत बाटलीला हात कुणाचा लागला, हे कुणीतरी विचारणारच. आणि शेवटचा हात सम्यकचा आहे."

डॉक्टर दारात येऊन उभे होते. त्यांना काहीतरी आठवलं होतं. "पूजेसाठी मीच म्हटलं होतं, आपल्याकडे सर्वांत शुद्ध पाणी आहे तेच यंत्रांवर शिंपडू. तुम्हीच तांब्यात घेतलंत ना, पाष्टेबाई?"

"हो. घरचा तांब्या आणलेला, घासून लख्ख केलेला."

"पण त्याने काय होणार?" डॉक्टर स्वतःशीच म्हणाले. "बाटलीतून पाणी बाहेर गेलं. बाहेर गेलेलं पाणी आतल्या पाण्याला कसं बिघडवेल?"

बोलणं अगदी बरोबर होतं. म्हणजे पूजेनंतर कुणीतरी ती बाटली पुन्हा उघडली होती.

५

संध्याकाळी पाच वाजता बाईंनी ती बाटली समोर घेतली. एक लिटरची काचेची बाटली. त्या प्रयोगशाळेची एक शिस्त होती. पाणी काढलं की उरलेल्या पातळीवर मार्करने रेघ ओढायची, खाली तारीख आणि नावाचं अक्षर. बाटलीवर दोनच रेघा होत्या. वरची मृणालची, नवमीची. खालची सम्यकची, सोमवारची. दोन्हींत अंतर फक्त दोन बोटांचं.

सम्यक कोपऱ्यात बसून काहीतरी लिहीत होता. त्याच्या हातांची कातडी लाल झालेली बाईंना लांबूनही दिसली.

"सम्यक, इकडे ये रे. सोमवारी तू किती पाणी घेतलंस?"

"अगदी थोडं, ताई. चमचाभरही नसेल."

"मग ही दोन बोटं कशी उतरली?"

"मला वाटलेलं, कुणीतरी वापरलं असेल आणि रेघ ओढायला विसरलं असेल. जास्त असतं तर मी विचारलं असतं."

बाई बोटं तिथेच ठेवून बसून राहिल्या. दोन बोटं म्हणजे वाटीभर पाणी. यंत्रांवर शिंपडायला तेवढंच लागलं होतं. पण त्यांनी तांब्या काठोकाठ भरला होता, हे त्यांना पक्कं आठवत होतं. नेताना सांडू नये म्हणून त्यांनी वर हात धरला होता. काठोकाठ तांब्या म्हणजे बाटली निम्मी व्हायला हवी. बाटली तर जवळजवळ भरलेली. मग वाटीभर सोडून तांब्यातलं बाकीचं पाणी गेलं कुठे?

बाहेर गेलेलं पाणी परत आत आलं होतं.

आणि पूजेनंतर तांब्या उचलून आत नेला होता कुणी?

त्यांना ओतल्याचं आठवत नव्हतं. नळ बंद केल्याचं तरी कुणाला आठवतं? पण दुसरं कुणी असूच शकत नव्हतं. एवढं चांगलं, कुणी तोंड न लावलेलं पाणी मोरीत ओतून देणं, हे त्या हातांना एकतीस वर्षांत कधी जमलं नव्हतं. घासला तरी हातानेच घासलेला तांब्या, वर हाताने झाकलेला, आणि ते पाणी सरळ त्या बाटलीत. पिवळ्याचा डाव निळ्यात घालणाऱ्या कामगाराला त्यांनी केवढं झापलं होतं.

"काय झालं, ताई?" सम्यक विचारत होता. "बरं वाटत नाहीये का?"

"काही नाही. घरी जा तू. आणि हात धुऊ नकोस आता."

त्या संध्याकाळी बाईंनी गुणाजीला सगळं सांगितलं.  बाईंची नोकरी कंत्राटी, मार्चला संपणारी. "कुणी पाहिलंय का तुला ओतताना?" त्याने विचारलं.

"कुणीच नाही."

"मग?"

"मग काय? त्या पोराचे वडील मला पेपरची घडी घालताना दिसतात."



६

शुक्रवारी दुपारी डॉक्टरांच्या खोलीत सगळे जमले. पत्र टेबलावर होतं. बाईंनी चौकशीचा सगळा प्रवास सांगितला: फ्रीझर का नाही, पूड का नाही, मग पाणी, मग रेघा, मग दोन बोटं. महेंद्र पुढे झुकून ऐकत होता. मृणालने मध्येच तोंडावर हात ठेवला. तिला आधीच उमगलं होतं.

"उरलेलं पाणी परत ओतणारी बाई मी," कलावतीबाई म्हणाल्या. "वाईट हेतू नव्हता, पण नळ्या माझ्यामुळे गेल्या. सम्यकच्या हाताचा याच्याशी काही संबंध नाही. त्याचं काम चोख होतं. नासलेलं पाणी त्याच्या हातात आलं, एवढंच. मला काढायचं तर काढा, सर, पण आधी त्या पत्रावर सही करा."

 डॉक्टर नाडकर्णींनी चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. साठीचा माणूस, आयुष्यभर विद्यार्थ्यांना पुरावा मागत आलेला.

"ते पाणी मी मागवलं होतं," ते म्हणाले. "बाटलीतलं पाणी पूजेला न्यायची परवानगी माझी. यांना कुणी सांगितलं होतं का, की त्यात काही परत ओतायचं नसतं? मी नाही सांगितलं. आणि चार नळ्यांतल्या तीन कुणाच्या, एवढंच पाहून मी निकाल देऊन टाकला. फोटो पाहून औषध बनवू नये, असं मी इतरांना शिकवतो." त्यांनी पेन उघडलं, सही केली आणि पत्र स्वतः उठून सम्यकच्या हातात दिलं. "माझं चुकलं. मला माफ कर."

सम्यकने पत्र घेतलं. तो बाईंकडे वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती, राग होता. खरा, हक्काचा राग.

"ताई, दोन रात्री मला झोप नाही. मला खरंच वाटायला लागलेलं, की माझ्यातच काहीतरी आहे."

"माहीत आहे रे. मी तुझ्या घरी जाऊन आले."

"तुम्ही काल संध्याकाळीच का नाही सांगितलंत?"

"घाबरले," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "एक रात्र लागली मला."

 सम्यकचा राग लगेच गेला नाही, पण त्याने खुर्ची ओढून त्यांच्यापुढे सरकवली. "बसा तरी."

मग कामाचं बोलणं निघालं, कारण मंगळवार कुणासाठी थांबणार नव्हता. पूड संपली होती, मृणालची एक नळी तेवढी शिल्लक होती. एका नळीचा संकेत कमजोर येईल, पण तीन दिवस दुसरं काही न करता यंत्र त्याच एका नळीवर चालू ठेवलं तर खाच कुठे उघडते तेवढं कळेल, असं सम्यकने फळ्यावर मांडून दाखवलं. महेंद्र म्हणाला, डावीकडेच निघणार, पैज लाव. बाईंच्या नोकरीचा विषय डॉक्टरांनी काढलाच नाही. सोमवारी सगळ्यांना, शिपायापासून माझ्यापर्यंत, मृणाल एक तास शिकवेल, एवढंच ते म्हणाले.

बाई पाणी प्यायला म्हणून बाहेर आल्या, तर जिन्याच्या वळणावर सम्यक फोनवर होता. पाठमोरा. त्यांना परत फिरायचं होतं, पण त्या थांबल्या.

"बाबा," तो म्हणत होता. "बाबा, माझ्या हातात काही नव्हतं."

 पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज आला, फोन कानाला असूनही जिन्यावर ऐकू येईल एवढा मोठा.

"मला माहीत होतं रे. जेवलास का?"

सम्यक भिंतीला टेकला आणि तिथेच, पायरीवर बसून, लहान मुलासारखा रडला.